विशेष शाळा की शेजारची शाळा? एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. दिव्यांग मुलांना घराजवळच्या सर्वसामान्य शाळेत शिकता यावे, या आशयाच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे, की 45 मुलांच्या वर्गात बौद्धिक अक्षमता असलेले किंवा कमी दिसणारे मूल आणून बसवणे ही त्या मुलाची फसवणूक आहे. शिक्षकाला त्याच्यासाठी वेळ नसतो, इतरांचाही अभ्यास मागे पडतो, आणि विशेष शाळा जे काम वर्षानुवर्षे नीट करीत आहेत, ते माझ्यासारखे लोक भावनेच्या भरात मोडीत काढू पाहतात.

फसवणुकीचा मुद्दा मला मान्य आहे. त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मात्र मान्य करता येत नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात समावेशक शिक्षणाची जी व्याख्या आहे, तिचे दोन भाग आहेत: दिव्यांग आणि इतर विद्यार्थी एकत्र शिकतात हा पहिला, आणि शिकवण्याची पद्धत त्या विद्यार्थ्यांच्या गरजांप्रमाणे बदलून घेतली जाते हा दुसरा. पटावर नाव आहे, मागच्या बाकावर जागा आहे आणि बाकी काहीच बदललेले नाही, अशी शाळा या व्याख्येत बसतच नाही. आपण केलेले वर्णन खरे आहे. पण ते कायदा न पाळल्याचे वर्णन आहे.

शिक्षकांवरच्या भाराबद्दल आपण अधिकाराने लिहिले आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक स्तरावर एका शिक्षकामागे 30 आणि उच्च प्राथमिक स्तरावर 35 विद्यार्थी अपेक्षित असताना 45 चा वर्ग हा त्यातल्या प्रत्येकच मुलावर अन्याय आहे, आणि त्याची किंमत फक्त एका दिव्यांग मुलाने का मोजावी, हे मला समजत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सर्वसामान्य शाळांतील दिव्यांग मुलांसाठी प्राथमिक स्तरावर 10 मुलांमागे आणि त्यापुढे 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. प्रत्यक्षात फिरत्या विशेष शिक्षकाच्या वाट्याला अनेक शाळा येतात, आणि शाहूवाडी किंवा गगनबावड्यासारख्या डोंगराळ तालुक्यात त्याचा बराच वेळ रस्त्यावरच जातो. तेव्हा भांडायचे असेल तर ते या पदांसाठी भांडू या.

याच तालुक्यांच्या संदर्भात आपल्या प्रतिक्रियेत न आलेली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. विशेष शाळा बहुतांशी शहरांत आणि मोठ्या गावांत आहेत. गगनबावड्याच्या एखाद्या वाडीतल्या 6 वर्षांच्या मुलीसाठी विशेष शाळा म्हणजे बहुधा वसतिगृह, म्हणजे आईपासून, भावंडांपासून आणि आपल्या बोलीपासून दूर जाणे. हे कधी कधी आवश्यक असते. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांच्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या दिव्यांगांसाठीच्या संस्थेने 1984 पासून उभे केलेले काम ज्यांनी पाहिले आहे, ते वसतिगृहाला कमी लेखणार नाहीत. पण केवळ गावच्या शाळेच्या पायरीवरून चाकाची खुर्ची वर जात नाही म्हणून त्या मुलीने घर सोडावे, हे मला पटत नाही.

पायरीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: उताराचे प्रमाण 1 ला 12 असावे लागते, म्हणजे 2 फुटांच्या जोत्यासाठी 24 फूट लांब उतार. आपल्याकडे पंचगंगेच्या पुरामुळे अनेक ठिकाणी जोती उंच ठेवावी लागतात, आणि मग जागा वाचवण्यासाठी घसरगुंडीसारखा उतार बांधून कागदावर ‘रॅम्प आहे’ अशी नोंद केली जाते. स्वच्छतागृहाची तर त्याहून वाईट गत. तिथे जाता येत नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणारी मुले असतात, आणि त्यांचे लक्ष अभ्यासात नसते अशी तक्रार पुन्हा आपणच करतो.

इतर मुले मागे पडतात, हा आक्षेप मला सर्वांत दुबळा वाटला. फळ्यावर लिहिलेले मोठ्याने वाचणे, वर्गाकडे तोंड करून बोलणे, अक्षर मोठे काढणे, सूचना एका वेळी एकच देणे, यांतल्या कशाने कोणत्या मुलाचे नुकसान होते? परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्याला तासाला 20 मिनिटे जादा दिली, तर शेजारच्या विद्यार्थ्याचा वेळ कमी होत नाही.

एका बाबतीत मात्र मी आपल्या बाजूचा आहे, आणि हे ठामपणे लिहितो. सांकेतिक भाषेत वाढणारे कर्णबधिर मूल, जिथे ती भाषा कुणालाच येत नाही अशा वर्गात एकटे बसवले, तर त्याला शिक्षणच काय, मैत्रीही मिळत नाही. त्याच्यासाठी विशेष शाळा हीच आज योग्य शाळा असू शकते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 31 नेही लक्षणीय, म्हणजे किमान 40 टक्के, दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. निवड मुलाची आणि पालकांची. प्रवेश नाकारून ती त्यांच्यावर लादण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना नाही.

आपण शाहू महाराजांचा दाखला दिलात, की त्यांनी त्या त्या समाजाला हवे ते वेगवेगळे दिले. वसतिगृहांबाबत ते खरेच आहे. परंतु याच महाराजांनी 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सरकारी शाळांत इतरांबरोबर बसवण्याचा हुकूम काढला, आणि त्यासाठी समाजाचे मन तयार होण्याची वाट पाहिली नाही. ही तुलना फार ताणू नये हे मला कळते. त्या शाळा बहिष्कारातून वेगळ्या होत्या, विशेष शाळा गरजेतून निघाल्या.

म्हणूनच विशेष शाळा बंद कराव्यात असे मी कुठेही लिहिलेले नाही. ब्रेल, वाचा-उपचार, वर्तन समजून घेण्याची हातोटी हे सारे तिथल्या शिक्षकांकडे आहे. अडचण अशी, की आपल्या राज्यात विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि बाकीच्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन शाळांतील शिक्षकांची एकमेकांशी गाठच पडत नाही. ती पडावी म्हणून करता येण्यासारखे बरेच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तीच तयार करते. आपल्या शाळेच्या आराखड्यात विशेष शिक्षकाची मागणी, योग्य उतार आणि जवळच्या विशेष शाळेतील शिक्षकांची नियमित भेट, या तीन गोष्टी जूनच्या आधी लिहून घेता येतील का, एवढे कृपया कळवावे.

आपला स्नेहांकित