बंदुकीच्या कपाटाची किल्ली चोरास विनासायास मिळावी, यासाठी

शस्त्रपरवाना हाती पडेपर्यंत माणूस फार जागरूक असतो. अर्ज, पोलिसांची चौकशी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार द्यावयाचे, शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र, असे सगळे सोपस्कार पार पाडून तो एकदाची बंदूक घरी आणतो, तिच्यासाठी पोलादी कपाट घेतो, त्या कपाटाला कुलूप लावतो आणि किल्ली हातात घेऊन घरभर नजर फिरवतो. त्याची जागरूकता संपते ती याच क्षणी. आपण हमी दिली ती शस्त्राची, किल्लीची नव्हे, असा त्याचा प्रामाणिक समज असतो. हा समज ज्यांच्या मनात पक्का आहे, त्यांच्या सोयीसाठी ही चार मार्गदर्शनपर वाक्ये लिहीत आहे.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीकडच्या बागायतदारांनी ती विशेष लक्ष देऊन वाचावीत. त्या भागात शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असणारी घरे पुष्कळ आहेत. कोणाकडे आजोबांपासून चालत आलेली ठासणीची आहे, कोणाकडे काडतुसाची एकनळी, तर एखाद्या मोठ्या खोताच्या घरी दुनळी. बहुतेकींचे आयुष्य वानरांना हुसकावण्यासाठी वर्षातून चार बार काढण्यातच जाते. पूर्वी ही बंदूक माजघराच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवी टांगलेली असे आणि ती जागेवर नसली तर शेजारचा पोरगासुद्धा विचारी, की आज बंदूक कुठे गेली. आता ती कपाटात गेली. त्यामुळे ती तिथे आहे की नाही, हे घरातल्या कोणालाच महिनोन्महिने ठाऊक नसते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही फार मोठी प्रगती होय, मात्र तिचा लाभ कोणाच्या सुरक्षिततेला होतो, हे येथे विचारू नये.

आता किल्लीची जागा. चोराजवळ वेळ थोडा असतो, अंधार असतो, आणि घर त्याच्या ओळखीचे नसते. तेव्हा आपण त्याला कोडी घालत बसणे बरे दिसत नाही. सर्वांत उत्तम जागा म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरामागचा खिळा. ही जागा महाराष्ट्रातील सर्व घरांनी परस्परांशी चर्चा न करता एकमताने निवडलेली असल्यामुळे चोराला प्रत्येक घरी नवा अभ्यास करावा लागत नाही. शिवाय कॅलेंडर रोज बाजूला सारून किल्ली काढताना आणि अडकवताना तिचे टोक चुन्यावर घासत राहते, व वर्षा-दोन वर्षांत भिंतीवर एक काळसर, अर्धगोल रेघ उमटते. कॅलेंडराच्या खालच्या कडेतून ती रेघ बोटभर बाहेर दिसू द्यावी. भिंतीला रंग देताना रंगारी ती पुसून टाकायला निघालाच, तर त्याला किल्ली कुठे अडकवायची ते आधी समजावून सांगावे, म्हणजे तो खिळा जागच्या जागी ठेवील.

कॅलेंडर पसंत नसेल, तर देव्हारा आहे. देवाच्या पाठीशी ठेवलेल्या वस्तूला चोर हात लावणार नाही, या श्रद्धेला धक्का लावण्याचे मला कारण नाही. मात्र देव्हाऱ्यातल्या चांदीच्या निरांजनासाठी आणि समईसाठी तो तिथे येणारच असल्याने त्याची एक खेप वाचते. तांदळाच्या डब्यात किल्ली पुरून ठेवण्याची चाल स्त्रीवर्गात लोकप्रिय आहे. दागिने ठेवण्यासाठीही तीच जागा लोकप्रिय असल्याने, डबा पालथा करणाऱ्याला दागिने शोधताना बंदुकीची किल्ली अनायासे सापडते. दाराच्या चौकटीवरची फळी, शोकेसमधला पितळी फुलदाणीचा पेला, शिवणयंत्राचा खण आणि दूरदर्शन संचाच्या मागचा कोनाडा या जागाही परंपरेने मान्य आहेत. शर्टाच्या खिशात, कंबरेच्या करगोट्यात किंवा गळ्यातल्या दोऱ्यात किल्ली बाळगणाऱ्या म्हाताऱ्यांची मात्र घरातल्या सर्वांनी यथेच्छ चेष्टा करावी. अशी माणसे चोराचा रोजगार बुडवतात.

किल्ल्यांच्या जुडग्यात कोणती किल्ली कशाची, हा प्रश्न आपल्यालाही छळतो, मग परक्या माणसाची काय कथा! त्यासाठी बाजारात गुलाबी आणि हिरव्या रंगाची, आत कागद सरकवण्याची प्लास्टिकची बिल्ले मिळतात. त्यांवर बॉलपेनने, शक्य तर मोठ्या अक्षरांत, ‘बंदूक’ असे लिहावे. ‘बं. क.’ यांसारखी संक्षिप्त रूपे टाळावीत. त्यांनी गोंधळ होतो.

कपाटासोबत दोन किल्ल्या मिळतात आणि दुसरी कुठे ठेवायची, यावर अनेक कुटुंबांत मतभेद होतात. काही जण ती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात, म्हणजे ऐन वेळी बँकेला सुट्टी असते. व्यवहारी माणूस दोन्ही किल्ल्या एकाच कड्यात ओवतो. एक हरवली तर दुसरी असावी, हा जोडकिल्लीचा हेतू त्यामुळे थोडासा मागे पडतो हे खरे, परंतु हरवतील तेव्हा दोन्ही एकदमच हरवतील आणि एकीचा शोध लागला की दुसरीचाही लागेल, ही सोय कमी नाही.

येथे एक कायद्याचा मुद्दा अडचणीचा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना मिळतो तो व्यक्तीला, कुटुंबाला नव्हे. परवानाधारकाच्या समक्ष, किंवा दुरुस्ती अथवा नूतनीकरणासाठी त्याच्या लेखी अधिकारपत्राने, दुसरा कोणी शस्त्र नेऊ शकतो. एरवी मुलगा, सून, जावई, पुतण्या यांपैकी कोणालाही ते बाळगण्याचा अधिकार नाही. आता कायद्याला घरगुती व्यवहार काय कळणार? परवाना अण्णांच्या नावावर आणि किल्ली साऱ्या घराच्या नावावर, अशी आपली वाटणी असते. बागेत वानरे उतरली की अण्णा ओसरीवरून ओरडतात, “चावी खंय ठेवलंस गो?” आणि चुलीपुढून उत्तर येते, “खंय म्हणजे? थंयच, कॅलेंडराच्या पाठी!” हा संवाद पडवीत चहा घेत बसलेला वायरमन ऐकतो, नारळ उतरवायला आलेला पाडेली माडावरून ऐकतो, मे महिन्यात मुंबईहून आलेली नातवंडे तर तोंडपाठच करतात. पैकी एकालाही किल्लीचे ठिकाण सांगायचे आपण ठरवलेले नसते, हे चौकशीत आवर्जून नमूद करावे.

नातवंडांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट उपरोध बाजूला ठेवून सांगतो: चोर वर्षात एकदा येईल वा कधीच येणार नाही, पण दहा वर्षांचे जिज्ञासू पोर दर सुट्टीत येते आणि त्याला कॅलेंडरामागचा खिळा चोरापेक्षा लवकर सापडतो. आता पुन्हा मूळ विषयाकडे वळू.

किल्लीच नको, अंकांच्या कळफलकाची तिजोरी घेऊ, असे म्हणणारा सुधारक वर्ग शहरांत वाढत आहे. त्यांचे स्वागत आहे. तिजोरी आणल्यावर कारखान्याने घातलेला सांकेतांक बदलण्याची घाई करू नये. माहितीपत्रकात तो छापलेला असतो आणि माहितीपत्रक तिजोरीवरच ठेवलेले असले म्हणजे कोणाची अडचण होत नाही. बदलायचाच झाला तर स्वतःचे जन्मवर्ष घालावे, नाहीतर दारातल्या मोटारीच्या क्रमांकपट्टीवर अवघ्या गावाला दिसणारे चार अंक घालावेत. तोच सांकेतांक वर्षानुवर्षे चालू ठेवला, की त्या चार कळांवरचे आकडे झिजतात, त्यांवर बोटांचा तेलकट थर बसतो आणि उरलेल्या सहा कळा नव्यासारख्या कोऱ्या राहतात. एवढे झाले की काम संपले. आता फक्त क्रमाचा प्रश्न उरतो, आणि सनावळीचे चार आकडे कोणत्या क्रमाने येतात हे शाळा सोडलेल्या माणसालाही ठाऊक असते. बॅटरी उतरली तर उघडता यावी म्हणून अशा बहुतेक तिजोऱ्यांना एक संकटकालीन किल्ली दिलेली असते. ती संकटकाळी तिजोरीतच सापडावी, म्हणून पुष्कळजण तिजोरीतच ठेवतात. ज्यांना ही चूक उमगते ते ती बाहेर काढतात आणि कॅलेंडरामागे नेऊन टांगतात.

तिजोरीच्या पाठीला आणि बुडाला भोके असतात. ती हवा खेळती राहण्यासाठी आहेत असे समजून चालावे. भिंतीत किंवा जमिनीत बोल्ट ठोकून तिजोरी जखडली तर लाद्या खराब होतात, भाड्याच्या घरात मालक कुरकुर करतो, आणि मुख्य म्हणजे दोघा जणांनी तिजोरी उचलून गाडीत घालून न्यावी व निवांत जागी फोडावी, ही मोकळीक नाहीशी होते. लहान तिजोरी जखडून ठेवली नसेल, तर किल्ली कुठे ठेवावी हा आपला सगळा ऊहापोह व्यर्थच ठरतो, हे मात्र मला मान्य करावे लागेल.

काडतुसे बंदुकीच्याच कपाटात, शक्यतो तिच्या दस्त्याशी टेकवून ठेवावीत. निराळ्या जागी, निराळ्या कुलपात ती ठेवण्याचा सल्ला देणाऱ्यांना आपल्या घरातली गैरसोय माहीत नसते. दुनळीची नळी, पुढची मूठ आणि दस्ता असे तीन भाग सुटे होतात व ते वेगवेगळ्या जागी ठेवले तर एक भाग चोरून कोणाला काहीच करता येत नाही. पण मग बंदूक ही बंदूक दिसत नाही, आणि पाहुण्याला कपाट उघडून दाखवताना मजा येत नाही. परवान्याची पुस्तिकाही त्याच कप्प्यात ठेवावी. चोरी झाल्यावर तक्रार नोंदवताना शस्त्राचा क्रमांक लागतो, तो त्या पुस्तिकेत असतो, आणि पुस्तिका बंदुकीबरोबर गेली म्हणजे आपल्याला तो सांगण्याचा त्रास उरत नाही.

घर बंद करून बाहेरगावी जाताना काय करावे, हे वेगळे सांगायला नको. गणपती आटोपून चाकरमानी परत गेले की कोकणातली कितीतरी घरे पुढच्या शिमग्यापर्यंत कुलपात असतात. शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेण्याची सोय आहे, आणि आजोबा वारल्यावर त्यांच्या नावाची बंदूक वारसाला परवाना मिळेपर्यंत अशीच जमा करणे तर कायद्याने बंधनकारक आहे. पण जमा करायची म्हणजे तालुक्याला जाणे आले. त्यापेक्षा घराची किल्ली शेजारी द्यावी, बंदुकीची किल्ली घरात ठेवावी, आणि निघताना विमानतळावरून सहकुटुंब छायाचित्र टाकून ‘पंधरा दिवस केरळ!’ असे सर्वांना कळवावे.

बंदुका खरोखर निर्धास्त असतात त्या निवडणुकीत. आचारसंहिता लागली की जिल्ह्याची छाननी समिती बसते, परवानाधारकांना नोटिसा जातात आणि बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. २०२४ साली तर लोकसभेची निवडणूक आणि पाठोपाठ नोव्हेंबरात विधानसभेची, असा दुहेरी योग जुळून आला. त्या काळात बागायतदार तक्रार करतात की वानरे माजली. तक्रार खरी आहे आणि तिच्यात मी उपरोध मिसळणार नाही. पण त्या दिवसांतही किल्ली मात्र कॅलेंडरामागेच लटकत असते, रिकाम्या कपाटाची राखण करीत. सवय मोडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येऊ लागली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. किल्लीच्या जागेवर मात्र संसदेला अजून काही करता आलेले नाही.

एवढी सगळी तयारी करूनही चोर आला आणि बंदूक गेली, तर ताबडतोब पोलिसांना कळवावे. परवान्याच्या अटींत ते आहेच. मग पंचनामा होईल. घराच्या दाराबद्दल ‘कडीकोयंडा उचकटून’ हे शब्द लेखनिकाच्या हातून आपोआप उतरतील, पण कपाटापाशी आल्यावर त्याची लेखणी अडखळेल, कारण कपाटाला ओरखडासुद्धा नसेल, कुलूप सुस्थितीत असेल आणि किल्ली त्यातच असेल. श्वानपथकाचे कुत्रे कपाटापासून सरळ कॅलेंडरापर्यंत जाईल आणि तिथेच घुटमळेल. ठसेतज्ज्ञाला किल्लीवर घरातल्या सर्वांचे, शेजाऱ्यांचे आणि रंगाऱ्याचे ठसे मिळतील. तेव्हा तपासी अधिकारी आपल्याला बाजूला घेऊन, किल्लीची जागा कोणाकोणाला माहीत होती, असे विचारील. अशा वेळी आठवून आठवून, कोणालाही न वगळता, नावे सांगावीत. सुनेच्या माहेरची मंडळी आणि गेल्या मे महिन्यात विहिरीचा पंप बसवायला आलेली दोन माणसे राहून जातात, ती विसरू नयेत. मात्र जबाब सुरू होण्यापूर्वी हवालदाराला पुरवणी कागद घेऊन बसायला सांगावे.