बेळगावच्या हवेत २४० चा एकच रेडिएटर पुरतो? नाही पुरत

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या गेमिंगवाल्या पोरांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय, पहिला कस्टम लूप, म्हणजे पीसी थंड ठेवायला नळ्यांतून पाणी फिरवणारी स्वतः जोडलेली यंत्रणा, बांधणाऱ्यांसाठी लिहिलेला. त्याचं सांगणं थोडक्यात असं: आपल्याकडची हवा मुळातच थंड, म्हणून प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींना मिळून २४० चा (१२० मिलिमीटरचे दोन पंखे बसतील एवढा) एक रेडिएटर बास. पाण्यामुळे सगळं खोलीपेक्षाही थंड राहतं, म्हणून पावसाळ्यात नळ्यांवर दव धरतं आणि तेव्हा लूप बंद ठेवावा. रेडिएटर गाडीचा चालतो, पंप एअर कूलरचा, पाणी घरच्या आरओचं. पाणी आधी प्रोसेसरकडेच गेलं पाहिजे. आणि एकदा भरलं की पाच वर्षं बघायचं काम नाही.

यातलं काही अर्धवट खरं आहे, म्हणूनच ते पटतं. पण वर्षभर पैसे साठवून घेतलेलं कार्ड एखाद्याचं यापायी जाऊ शकतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सुरुवात थंड हवेपासून. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे आणि डिसेंबरातल्या पहाटे इथे खरंच हुडहुडी भरते. पण लूप डिसेंबरच्या पहाटेसाठी बांधायचा नसतो. एप्रिलच्या दुपारी शहरात पारा ३५-३६ पर्यंत चढतो, अथणी-रायबागकडे त्याहून वर. त्यात पीसी स्लॅबखालच्या बंद खोलीत असेल तर बाहेरच्या आकड्यावर विसंबूच नका. पीसीशेजारी थर्मामीटर ठेवा आणि दुपारी तीन वाजता तो बघा. लूपचं सगळं गणित त्या आकड्यापासून सुरू होतं.

उंचीची दुसरी बाजू तर फॉरवर्डमध्ये आलेलीच नाही. ७५० मीटरवर हवेचा दाब किनारपट्टीपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो, म्हणजे त्याच तापमानाला हवा तेवढी विरळ. पंखा तितक्याच फेऱ्यांत तितक्याच आकारमानाची हवा ढकलतो, पण तिचं वजन कमी भरतं, आणि उष्णता वाहून नेण्याची ताकद त्या वजनात असते. तेव्हा आपल्या उंचीवर रेडिएटर थोडा वाढवावा लागतो, कमी करता येत नाही.

आता आकडे मांडू. आरटीएक्स ४०८० हे कार्ड ३२० वॅटपर्यंत वीज घेतं. सोबतचा प्रोसेसर खेळताना ८० वॅट घेतो असं धरा. झाले ४००. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. लूप बांधणाऱ्यांत चालत आलेला अंदाज असा की पंखे शांत ठेवायचे असतील तर १२० मिलिमीटरच्या प्रत्येक पंख्याच्या जागेमागे, पाणी हवेपेक्षा दहा अंश गरम असताना, साधारण १०० वॅट निघून जातात. २४० मध्ये अशा दोन जागा, म्हणजे दर अंशाला २० वॅट. ४०० वॅट काढायचे तर पाणी हवेपेक्षा २० अंश वर जाणार. खोलीत ३५ असेल तर पाणी ५५. रेडिएटर पीसीच्या केसच्या, म्हणजे पेटीच्या, छताला लावून त्यातून आतलीच तापलेली हवा ओढली तर ६० दूर नाही. लूपमध्ये नेहमी वापरल्या जाणाऱ्या डी५ जातीच्या पंपांसाठी पाण्याच्या तापमानाची नेहमी सांगितली जाणारी मर्यादा ६० अंशच आहे, आणि पीईटीजी या प्लास्टिकच्या कडक नळ्याही त्याच सुमाराला दगा देऊ लागतात, फिटिंगच्या तोंडाशी आधी. पंखे जोरात पळवून हे काही अंशांनी खाली आणता येईल, पण मग शांततेसाठी केलेला सगळा खर्च वाया. याच ४०० वॅटना एक ३६० (तीन जागांचा) आणि एक २४० असे दोन रेडिएटर दिले, तर पाणी हवेपेक्षा आठेक अंशच वर राहील. म्हणून केस निवडतानाच हे दोन्ही त्यात बसतात का ते मोजा, जाडीसकट: रेडिएटरच्या ३० मिलिमीटरमध्ये पंख्याचे २५ मिळवा.

पाणी सगळं खोलीपेक्षा थंड ठेवतं, हा दावा शाळेतल्या विज्ञानातच अडतो. माठातलं पाणी गार होतं कारण ते माठाच्या अंगातून झिरपून बाष्प होत राहतं. लूप बंद असतो. त्यातून बाष्प होऊन काही जात नाही, फक्त उष्णता पाण्यातून रेडिएटरच्या पत्र्यात आणि पत्र्यातून खोलीच्या हवेत जाते. ती जाण्यासाठी पाणी हवेपेक्षा गरम असावंच लागतं. चिलर किंवा पेल्टियर, म्हणजे वीज खर्चून पाणी गार करणारं यंत्र, जोडलं तर गोष्ट वेगळी, पण पहिल्या लूपमध्ये तो विषय नको. आणि पाणी हवेपेक्षा गरम म्हटलं की दवाचा प्रश्नच मिटतो. दव थंड पृष्ठभागावर धरतं. खानापुरात आषाढात भिंतींना ओल आली तरी चालू लूपच्या नळ्या कोरड्याच राहतात. तेव्हा पावसाळ्यात पीसी खुशाल चालवा. नळीवर थेंब दिसलाच तर तो गळतीचा आहे असं समजून तिथल्या तिथे वीज बंद करा. दव म्हणून पुसून टाकू नका. दवाच्या त्या एका वाक्यासाठी तरी तो फॉरवर्ड मागे घ्यायला हवा.

गाडीच्या रेडिएटरबद्दल मला सगळ्यांत जास्त सांगायचंय. आपल्या उद्यमबागेत ज्याच्या घरचं कोणी फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये आहे, त्याला हे लगेच कळेल. पीसीचे चांगले वॉटर ब्लॉक (चिपवर बसणारे, आतून पाणी वाहणारे ठोकळे) तांब्याचे, कधी वर निकेलचा मुलामा दिलेले. फिटिंग पितळेची. पीसीसाठी बनवलेल्या चांगल्या रेडिएटरमध्ये तांब्याचे पत्रे आणि पितळेच्या किंवा तांब्याच्या नळ्या. ही सगळी एका घराण्यातली धातू आहेत, एकत्र नांदतात. आजकालच्या गाड्यांचे रेडिएटर बहुतांशी ॲल्युमिनियमचे असतात. स्वस्त किटांमध्येही तेच येतं. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की झाली बॅटरी, आणि त्यात झिजतं ॲल्युमिनियम. त्याचा राखाडी चिखल पाण्याबरोबर ब्लॉकमध्ये जाऊन बसतो, जिथे पत्र्यांमधल्या फटी मिलिमीटरच्या काही दशांशांइतक्याच असतात. बाहेरून काही दिसत नाही. फक्त महिन्यामहिन्याला तापमान वाढत जातं.

यावर एक रास्त प्रश्न येतो: तयार मिळणाऱ्या बंद कूलरमध्येही तांब्याची पट्टी आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर असतो, तो कसा वर्षानुवर्षं चालतो? कारण कारखान्यात त्यात गंजरोधक द्रव मोजून भरलेला असतो आणि तो कोणी उघडत नाही. आपण हाताने भरतो, उघडतो, वर पाणी घालतो. तेवढी शिस्त पहिल्या लूपकडून अपेक्षित धरू नये. धातू एकाच घराण्याची ठेवली की हा धोका मुळातच राहत नाही.

घरचं पाणी? शहरातल्या नळाला राकसकोप किंवा हिडकलचं पाणी येतं, कुणाकडे बोअरचं, आणि आरओ त्यातले बरेच क्षार काढतो. पण सगळे नाही. चव राहावी म्हणून कित्येक मशीनमध्ये थोडं न गाळलेलं पाणी पुन्हा मिसळलेलंच असतं. बाटलीतल्या पाण्यातही क्षार असतात. हवं ते डिस्टिल्ड वॉटर. पण तेही नुसतं नको: चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या पाण्यात शेवाळ आणि बुळबुळीत थर मजेत वाढतात. त्यामुळे लूपसाठीच बनवलेलं गंजरोधक आणि जंतुरोधक कॉन्सन्ट्रेट सांगितलेल्या प्रमाणात घाला, नाहीतर तयार द्रव घ्या. पहिल्या वेळी बिनरंगी, पारदर्शक. दुधाळ रंगाच्या द्रवात कण तरंगत असतात आणि ते खाली बसतात. गाडीचं कूलंट टाळा. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड. घरात लहान पोर किंवा कुत्रं असेल तर सांडलेला थेंबही नको. नवा रेडिएटर आधी डिस्टिल्ड पाण्याने खळखळून धुवा, सोल्डरिंगचा फ्लक्स निघेपर्यंत.

एअर कूलरच्या पंपावर फार शब्द घालवत नाही. तो २३० व्होल्टचा, उघड्या टबात बुडवून पाणी वर सोडण्यासाठी केलेला. ब्लॉकच्या बारीक फटींतून पाणी रेटायला तो बनलेलाच नाही, आणि घरगुती वीज पाण्यात सोडून ते पाणी कार्डापाशी नेणं हा जिवाशी खेळ आहे. डी५ किंवा डीडीसी जातीचा १२ व्होल्टचा पंप घ्या. त्याच्या फेऱ्या मोजणारी तार मदरबोर्डच्या सीपीयू फॅनच्या जागी जोडा, म्हणजे पंप थांबल्याचा इशारा लगेच मिळेल.

क्रमाचा मुद्दा साध्या भागाकाराने सुटतो. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल तर ते एक अंशाने तापायला ७० वॅट लागतात. तीन लिटर वाहिलं तर २१०. म्हणजे ४०० वॅटच्या लूपमध्ये सगळ्यांत गार आणि सगळ्यांत गरम जागेच्या पाण्यात दोन अंशांचाच फरक. प्रोसेसर आधी की कार्ड आधी, नळी जिकडून सुबक बसेल तसं करा. एकच क्रम पाळायचा: टाकी पंपाच्या वर, तिचं पाणी थेट पंपात. पंपाचं बेअरिंग पाण्यावरच चालतं, कोरडा फिरवला की ते खराब होतं. भरताना कार्ड आणि मदरबोर्डला वीज न देता फक्त पंप चालवा, जोडांखाली टिश्यू पेपर ठेवा आणि निदान एक रात्र तसंच राहू द्या. डिस्टिल्ड पाण्यातून वीज वाहत नाही म्हणून गळलं तरी चालतं, असंही कोणी सांगेल. बोर्डावरची धूळ आणि लूपमधले धातू त्या पाण्यात मिसळले की ते तसं राहत नाही.

लूप करावाच का, हेही सांगतो. २०० वॅटचं कार्ड असेल तर नको. प्रोसेसरवर बसणारा, पंख्याच्या हवेवर चालणारा चांगला दुहेरी टॉवरचा कूलर चार-पाच हजारांत येतो आणि प्रोसेसरला पुरतो. लूपचा खरा फायदा मोठ्या कार्डाला. मात्र त्याचा ब्लॉक कार्डाच्या नेमक्या बोर्डासाठीच बनतो, म्हणून आधी तो ब्लॉक मिळतो का ते बघा आणि मगच कार्ड घ्या. बेंगळुरूहून किंवा मुंबईहून मागवलेला चुकीचा ब्लॉक परत करणं सोपं नसतं.

राहिली पाच वर्षांची गोष्ट. द्रव साधारण वर्षाने बदलायचा असतो, आणि नळीच्या अंगातूनही थोडं पाणी उडत राहतं, म्हणून टाकीची पातळी अधूनमधून बघावी लागते. पहिल्या लूपला काळी ईपीडीएम रबरी नळी घ्या. पारदर्शक मऊ नळीतलं प्लास्टिसायझर (तिला मऊ ठेवणारं रसायन) काही महिन्यांत ब्लॉकमध्ये उतरतं. सगळ्यांत खालच्या जागी निचऱ्याचा व्हॉल्व्ह आधीच बसवा. चिकोडी-अथणी पट्ट्यात उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याची काजळी खिडकीतून येते. तिथे राहणाऱ्यांनी कमी दाट पत्र्यांचा रेडिएटर निवडावा आणि हंगामात दर महिन्याला त्याच्यावरची धूळ अडवणारी जाळी साफ करावी.