मावशीच्या घरात पाणी शिरलं ते तिच्या पापामुळे नाही

परवा रात्री चाळीसगावहून मावशीचा फोन आला. आवाज बसलेला. "मन्हं काय चुकनं व्हई रे भाऊ?" एवढंच म्हणाली. आमच्याच मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, कोणीतरी तिला तो मेसेज पाठवला होता. मला तो तीन ग्रुपवर आलाय. त्याचं म्हणणं असं: पूर, वादळ, भूकंप ही देवाची शिक्षा, ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या घरात लपलेलं पाप आहे, खऱ्या विश्वासणाऱ्याच्या उंबऱ्याला पाणी लागत नाही, हा शेवटचा काळ आहे, आणि सरकारी मदत घेणं म्हणजे अविश्वास.

आधी ते 'लपलेलं पाप'. 31 ऑगस्ट 2021 ला आदल्या रात्रीपासून डोंगरात पाऊस कोसळला, कन्नड घाटात दरडी आल्या, तितूर आणि डोंगरी नद्या फुगल्या आणि चाळीसगावात शिरल्या. मावशीचं घर नदीकडच्या उतारावर आहे, कारण तिला तिथंच परवडलं. पाणी उतारानं आलं. 1993 च्या भूकंपात किल्लारीत माणसं मेली ती दगडमातीच्या जड भिंती अंगावर पडून. यात कोणाचं पाप शोधता?

आणि शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, हवाला देणाऱ्यांनी त्यातलं लूक 13 उघडावं, पहिली पाचच वचनं. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले होते. येशू स्वतःच विचारतो, यरुशलेमेत राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा ते जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो: नाही. प्रभूनं 'नाही' म्हटलंय तिथं तुम्ही 'हो' कोणाच्या अधिकारानं म्हणता? बायबलमधल्याच, सगळं गमावलेल्या इयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होते. तोंड उघडून त्याचं पाप शोधायला लागले, आणि शेवटी देवाचा कोप झाला तो त्या मित्रांवर.

एक गोष्ट मान्य करतो, मन मारून का होईना. नोहाचा जलप्रलय शास्त्रात न्याय म्हणूनच आहे, आणि लूकमध्येही पुढं पश्चात्तापाचं बोलणं आहेच. पण ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला सांगितलंय. बुरुजाखाली मेलेल्यांकडे बोट दाखवायला नाही. आणि नोहाला देवानं आधी सांगितलं होतं. तुम्हाला पूर ओसरल्यावर समजलं.

उंबऱ्याला पाणी लागत नाही म्हणे! 26 डिसेंबर 2004 ला, नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी, तामिळनाडूतल्या वेलांकण्णीच्या किनाऱ्यावर, तिथल्या चर्चच्या यात्रेला आलेली माणसं त्सुनामीत गेली. त्यांचा विश्वास मोजायला तुम्ही गेला होता का? शेवटच्या काळाचं म्हणाल तर मत्तय 24 मध्येच लिहिलंय की तो दिवस कोणालाच ठाऊक नाही.

सगळ्यात जास्त राग मला मदतीच्या मुद्द्याचा येतो, कारण त्यानं खरंच नुकसान होतं. रावेर-यावलकडे वादळानं केळीची बाग आडवी झाली की पंचनाम्यासाठी शेतकऱ्याला धावपळ करावी लागते. तलाठी यायच्या आधी खोडं उचलली तर दाखवायला काही उरत नाही. अशा वेळी 'मदत मागू नका, प्रार्थना करा' सांगणारा माणूस त्याच्या पोरांच्या ताटातलं काढून घेतो. प्रेषितांची कृत्ये, अकरावा अध्याय: दुष्काळ येणार कळल्यावर अंत्युखियाच्या शिष्यांनी ऐपतीप्रमाणे पैसे गोळा करून यहूदियातल्या भावांना पाठवले. कोणाच्या पापामुळे, हे कोणी विचारलं नाही. मावशीनं पंचनामा करून घेतला, मदत घेतली आणि प्रार्थनाही केली. तिन्ही बरोबरच केलं.

पुरात तिचं बायबल भिजलं होतं. तिनं पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालून ते वाळवलं. फुगून दुप्पट झालंय, कडांना अजून चिखलाचा रंग आहे. फोनवरच मी तिला लूक काढायला लावलं. पानं चिकटलेली, ती हळूहळू सोडवत होती, आवाज ऐकू येत होता. अडखळत तिनं दोनदा वाचलं. मग बराच वेळ काही बोलली नाही.

"त्या अठरा जणांच्या घरच्यांना," तिनं विचारलं, "हे कोणी जाऊन सांगितलं असेल का रे?"