नऊ दिव्यांखाली अंधार

काल परत बोट कापलं. कांदा चिरताना, आणि डोक्यावर नऊपैकी आठ दिवे ढणाढणा जळत असताना! बारा-बारा वॅटचे आठ, म्हणजे शहाण्णव वॅटचा उजेड, आणि मी स्वतःच्याच सावलीत चाचपडत सुरी चालवतेय.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात कट्ट्यासमोरच्या भिंतीला, खिडकीच्या वर, वीस वॅटची एकच ट्यूब होती. फोडणीच्या धुरानं पिवळी पडलेली. तिच्या उजेडात आमच्या सासूबाई तांदळातला पांढरा खडासुद्धा सोडायच्या नाहीत. आता नवीन फ्लॅटमध्ये त्या चष्म्यावर चष्मा लावायच्या बेतात आहेत आणि रोज विचारतात, “एवढा खर्च केलासा, मग ट्यूब का नाही लावली?” काय उत्तर देऊ?

हे झालं कसं, तर डिझाइनरबाईंनी संगणकावर थ्रीडी चित्र दाखवलं. दहा बाय अकराचं स्वयंपाकघर, छताला मधोमध पीओपीचा ट्रे, म्हणजे प्लास्टरची खोलगट चौकट, ट्रेमध्ये तीन ओळी तीन ठिपके. रांगोळी काढल्यासारखे. मीही बघून खूश झाले, खोटं कशाला बोलू. पण स्वयंपाकघरात कुणी उताणं झोपून छत बघत बसत नाही! मी कट्ट्याकडे तोंड करून, भिंतीकडे बघत उभी असते. दिव्यांची पहिली ओळ भिंतीपासून तीन फुटांवर. कट्टा दोन फूट खोल. म्हणजे सगळा उजेड माझ्या पाठीवर आणि टाळक्यावर पडणार, आणि चिरायच्या पाटावर पडणार माझ्या डोक्याची सावली. काळी, गोल. वरची कपाटं एक फूट पुढं आलेली, त्यांच्या खाली तर भर दुपारी अमावस्या.

अहो, दिवा हवा होता भिंतीपासून दीड-पावणेदोन फुटांवर, माझ्या डोक्याच्या पुढं. एवढंच! यासाठी फक्त एक प्रश्न विचारायचा होता: “ताई, तुम्ही उभ्या कुठं राहता?” टाइल्सचा रंग चार वेळा विचारला. हँडल गोल की चपटं, तेही विचारलं. हे नाही विचारलं.

काम चालू असताना मी पीओपीवाल्याला म्हटलं होतं, गॅसच्या वर तरी एक दिवा पुढं घ्या. तर म्हणाला, “तिथनं चिमणीचा पाइप जातोय वैनी.” बरं, मग सिंकच्या वर? “तिथं चॅनल आलाय.” म्हणजे पीओपी टांगायचा पत्र्याचा चॅनल आधी ठोकायचा, चिमणीचा पाइप वाट्टेल तिथनं न्यायचा आणि उरलेल्या जागेत दिव्याला भोक पाडायचं. दिवे नको, चॅनल कुठं येतोय ते सांगा, तिथं मी कट्टा बांधून घेते, असं म्हणावंसं वाटलं.

मग माझी भुणभुण थांबवायला त्यांनी ट्रेच्या कडेला दोन सीओबी स्पॉट दिले, म्हणजे एकाच जागी झोत टाकणारे एलईडी दिवे. झोत चोवीस अंशांचा. नऊ फुटांवरच्या छतातनं असला स्पॉट कट्ट्यावर जेमतेम अडीच फुटांचं वर्तुळ पाडतो. गुजरीत सोनाराच्या काचेत हार मांडायला झकास. आमच्या मिक्सरवर पडतोय सध्या. मिक्सर नाटकातल्या नायकासारखा चमकतो, शेजारी पोळपाट अंधारात.

आणि रंगाचं तर बोलूच नका. दुकानदारानं “कूल डे लाइट घ्या, उजेड भारी पडतो” म्हणून 6500 केल्विनचे, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचे, गळ्यात मारले. रविवारी मटण केलं. तांबडा रस्सा, घरची कांदा-लसूण चटणी, सगळं नेहमीचं. पातेल्यात बघते तर रंग विटकरी-करडा! मला वाटलं चटणीच खराब निघाली, म्हणून आणखी दीड चमचा ढकलली. बाहेर गॅलरीत नेऊन बघितलं तर लालभडक. घरातल्या सगळ्यांच्या नाकातोंडातनं पाणी. खोक्यावर ‘सीआरआय 80’ छापलंय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. मुलानं शोधून सांगितलं, हा आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी असतो, गडद लाल त्यात धरतच नाहीत! त्याचा वेगळा आकडा असतो, आर नाइन म्हणतात, तो आमच्या खोक्यावर नावालाही नाही. कोल्हापुरात स्वयंपाकघराचे दिवे विकायचे आणि लाल रंग हिशेबात नाही.

त्यात नऊपैकी एक गेला महिन्यापूर्वी. ते मॉडेल बंद झालंय म्हणे. नवीन दिव्याला भोक लहान लागतं आणि आमचं भोक मोठं. तिथं आता छताला एक डोळा फुटलाय, त्यातनं पावसाळी किडे पातेल्यात पडायला मोकळे. उरलेले आठही एकाच बटणावर, रात्री पाणी प्यायला गेलं तरी लग्नाचा हॉल उजळतो.

कपाटाच्या खाली प्रोफाइल लाइटची, म्हणजे पातळ लांब एलईडी दिव्याची, एक पट्टी बसली असती तर निदान सावलीचा त्रास झाला नसता. त्यासाठी टाइल्सच्या आधी भिंतीत वायरीसाठी एक पाइप सोडायला लागते. सोडली नाही. आता पट्टी लावायची तर दीड लाखाच्या फर्निचरवरनं वायर झाकायची केसिंग पट्टी फिरवायची.

आज वायरमनला बोलावलं होतं. त्यानं मान वर करून पाच मिनिटं छत बघितलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, “उजेड कमी पडतोय व्हय? मग वर अजून चार मारूया की वैनी!”