गॅरेजमधली बादली

आज सकाळी कॉफी संपायच्या आत डोकं फिरलं.

सिॲटल परिसरातल्या आमच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी एक चित्र टाकलं, मेल्यावर देहाचं कंपोस्ट करून माती करून घेणाऱ्यांची थट्टा करणारं. कुंडी, कुंडीतून वर आलेला माणसाचा हात आणि खाली ओळ, 'आता मेल्यावरही कामाला लागा'. त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग. एका काकांनी वर भर घातली, "या लोकांना ना अग्नी, ना थडगं. सरळ उकिरडा." त्यालाही धडाधड अंगठे.

मी तिथे काही लिहिलं नाही. मंडळाचा हिशेब काकांकडे असतो आणि माझे मागच्या कार्यक्रमाचे पैसे अजून यायचेत. इथे लिहितोय, कारण इथे माझी माणसं आहेत. तुम्हाला फार समजवावं लागणार नाही.

तर, काका म्हणतात तो उकिरडा माझ्या गॅरेजमध्ये आहे. पाच गॅलनची पांढरी बादली, हिरवं झाकण, बाजूला मार्करने काढलेला ३ चा आकडा. चार महिने झाले. तिच्यात आमची शेजारीण आहे.

बाई ८१ वर्षांची होती. जन्मभर शाळेची बस चालवली, त्यामुळे आवाज असा की अजूनही पन्नास पोरं जागच्या जागी गप्प बसली असती. आम्ही इथे राहायला आलो त्या पहिल्या पानगळीत मी अंगणातली मेपलची पानं गोळा करून, पिशव्यांत भरून, कचऱ्याच्या गाडीसाठी रस्त्याच्या कडेला ठेवली होती. ही हातगाडी घेऊन आली, चार पिशव्या उचलल्या आणि निघाली. मी बघतच राहिलो. "तुला नकोयत ना? मग मला दे," एवढंच बोलली. ओळख अशी झाली.

तिच्या परसात लाकडी फळ्यांचे तीन कप्पे होते, कंपोस्टचे. हातभर लांब दांडीचा एक थर्मामीटर होता. थंडीत सकाळी त्या ढिगातून वाफ निघायची. ही दांडी आत खुपसायची, चष्मा वर करून बघायची आणि कुंपणापलीकडून मला आकडा ओरडून सांगायची. "वन थर्टी फोर!" जणू काही माझे शेअर वाढलेत. मला त्यातलं शष्प कळायचं नाही. मी हात हलवायचो आणि गाडीत बसायचो.

एकदा संध्याकाळी, दातांच्या डॉक्टरची वेळ घेतल्याचं सांगावं तशी तिने सांगितलं की तिने स्वतःचीही सोय करून ठेवली आहे. हप्ते भरतेय. मेल्यावर कंपोस्ट. मी म्हटलं, "म्हणजे... तुमचं?" तर म्हणाली, "मग काय! पानं कुजतात, गाई कुजतात, मी कोण मोठी लागून गेले?"

गाईंचं तिने उगाच काढलं नव्हतं. हा सगळा प्रकार निघालाच तिथून. कॅट्रिना स्पेड नावाची बाई मॅसॅच्युसेट्समध्ये आर्किटेक्चर शिकत होती. शेतकरी मेलेलं जनावर लाकडाच्या ढलप्यांत पुरतात आणि काही महिन्यांनी तिथे माती उरते, हे तिच्या कानावर आलं. तिने विचारलं, मग माणूस का नाही? पुढे वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत लिन कार्पेंटर-बॉग्ज या मातीच्या शास्त्रज्ञ बाईंनी सहा देहांवर प्रयोग केला. त्या सहा जणांनी जिवंतपणी संमती देऊन ठेवली होती. मग २०१९ च्या मे महिन्यात आमच्या वॉशिंग्टन राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर जे इन्स्ली यांनी कायद्यावर सही केली आणि १ मे २०२० पासून तो लागू झाला. देशात पहिलं राज्य आमचं. पुढच्याच वर्षी कोलोरॅडो आणि ऑरेगन, मग व्हरमाँट, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, आणि यादी अजून वाढतेच आहे. कायद्यातलं नाव मात्र एकदम सरकारी, 'नॅचरल ऑर्गॅनिक रिडक्शन'. पाटबंधारे खात्याचा प्रकल्प वाटतो.

आता काकांचा 'उकिरडा'. काका, उकिरड्यावर कुणी कुणाला फुलं वाहत नाही.

बाईला निरोप द्यायला आम्ही दोघं गेलो होतो. बायको यायला तयार नव्हती, आली, सगळ्यात मागे भिंतीला टेकून उभी राहिली. बाई पांढऱ्या सुती कापडात होती. खाली लाकडाच्या ढलप्या, लसूणघास, गव्हाचं काड. गोठ्याच्या दारात उभं राहिल्यावर येतो तसा वास. तिच्या लेकीने आईच्याच अंगणातली पानं आणली होती, ती सगळ्यांनी एकेक मूठ तिच्यावर घातली. मीही घातली. मूठ उघडताना लक्षात आलं, मेपलची होती. माझ्याच झाडाची असणार, दुसऱ्या कुणाच्या अंगणात मेपल नाही.

आपल्या भाषेत याला मूठमाती म्हणतात. विसरलात का? गावाकडे अजून म्हणतात, 'अमक्याच्या मातीला जाऊन आलो'. सरणावर जाळलं तरी माती. 'माती किती वाजता आहे?' असं विचारतात. शब्द आपल्याकडे केव्हापासून तयार आहे, आणि ती माती खरोखरची होऊन समोर आली की नाकाला रुमाल!

आणि इथली रूढ पद्धत फार सोज्वळ आहे असं वाटत असेल तर ऐका. प्रेताच्या नसांत फॉर्मल्डिहाइड भरायचं, चेहऱ्याला रंग लावायचा, चकचकीत पेटीत निजवायचं आणि ती पेटी जमिनीत काँक्रीटच्या खोक्यात उतरवायची. माणूस मातीत जातो म्हणे! मातीचा एक कण त्याला लागू नये म्हणून हा सगळा बंदोबस्त. अमेरिकेच्या यादवी युद्धात सैनिकांचे देह लांबवर घरी धाडायचे म्हणून प्रेतात रसायनं भरणं बोकाळलं, तेव्हा रसायनं वेगळी होती एवढंच. १८६५ मध्ये लिंकनचा देह असाच रेल्वेने राजधानी वॉशिंग्टन डीसीहून स्प्रिंगफील्डला नेला, वाटेत शहराशहरांत दर्शनाला ठेवत. तेव्हा गरज होती. आता कसली गरज आहे? राहिलं दहन, तर इथे ते म्हणजे दोन-तीन तास पेटलेली गॅसची भट्टी. ज्याला अग्नीच हवा त्याला अग्नी मिळावा, माझा वाद नाही. मलाही बहुतेक तोच मिळेल, घरातलं मतदान माझ्या बाजूने नाही.

पण कायदा 'हे कराच' असं म्हणतो का? तो एवढंच म्हणतो की ज्याला करायचंय त्याला करू द्या. एका म्हातारीची शेवटची इच्छा बेकायदा ठरू नये, बस्स. यात तुमचं काय गेलं, काका?

न्यूयॉर्कच्या कॅथलिक बिशपांनीही गव्हर्नरला सही करू नका म्हणून सांगितलं होतं. भाजीच्या सालींना जे ठीक ते माणसाच्या देहाला ठीक असेलच असं नाही, असा त्यांचा मुद्दा. २०२२ च्या अखेरीस गव्हर्नर होकुल बाईंनी सही केलीच. बिशपांचं निदान समजू तरी शकतो. त्यांनी देहाबद्दल काही विचार मांडला, कुंडीतून हात काढून दाखवला नाही.

ग्रुपवर एकाने 'रोगराई पसरेल' असंही लिहिलंय. बाबा रे, क्रॉइट्झफेल्ड-याकोब (मेंदूचा एक दुर्मिळ रोग) किंवा इबोलाने गेलेला माणूस कंपोस्ट करणारे घेतच नाहीत. बाकीच्यांचा ढीग सलग ७२ तास १३१ अंश फॅरनहाइटच्या वर राहावा लागतो, तसा नियम आहे. म्हणजे आपले ५५ अंश सेल्सियस. बाहेरून जाळ लावत नाहीत, जिवाणूच तापवतात. नंतर मातीत शिसं, पारा, आर्सेनिक आहे का तेही तपासतात.

हा १३१ आकडा मी पहिल्यांदा वाचला तो ती गेल्यानंतर. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या फोनवर. आणि एकदम 'वन थर्टी फोर!' ऐकू आलं. इतकी वर्षं ती मला ओरडून काय सांगत होती ते तेव्हा कळलं. पानं घालायची, ढवळायचं, पाणी मारायचं आणि ढीग त्या आकड्याच्या वर गेला की खूश व्हायचं. मी एकदा तरी कुंपणाशी थांबून विचारायला हवं होतं, हे १३४ म्हणजे काय हो. पाच मिनिटं गेली असती.

असो.

हो, महाग आहे. आमच्याकडे सात हजार डॉलरच्या आसपास. नुसतं साधं दहन केलं तर यापेक्षा पुष्कळ स्वस्तात होतं. दहन-दफनापेक्षा यात माणसामागे टनभर कार्बन वाचतो म्हणतात, ते गणितही पुष्कळसं हा धंदा करणाऱ्यांनीच मांडलेलं आहे. बरं, मान्य. पुढे.

साधारण अडीच महिन्यांनी माती झाली. माणसामागे जवळपास एक घनयार्ड होते, पिकअप ट्रकचा मागचा हौदा भरतो एवढी. मला वाटलं होतं लहानशी पिशवी असेल, अस्थींच्या कलशासारखी. एवढी माती बघून लेकही गांगरली. हाडंसुद्धा शेवटी यंत्रात बारीक करून त्यातच मिसळलेली असतात. फक्त गुडघ्यात बसवलेला धातू वेगळा काढला, तो म्हणे वितळवून पुन्हा वापरतात. बाकी सगळं एकच. बरीचशी माती तिने एका जंगलाच्या जमिनीला देऊन टाकली, सहा बादल्या ठेवल्या आणि एक माझ्या हातात दिली. "तुझी पानं आहेत यात," म्हणाली.

आता खरं सांगतो, मघापासून मोठ्या तावातावाने लिहितोय म्हणून.

बायकोने दारातच सांगितलं, हे घरात आणायचं नाही. मीही चटकन 'हो' म्हटलं. जरा जास्तच चटकन. बादली गॅरेजमध्ये गेली, हिवाळी टायर आणि बर्फाच्या फावड्याच्या मध्ये. चार महिने तिथेच. रोज गाडी लावताना दिव्याचा झोत तिच्यावर पडतो आणि रोज मी दुसरीकडे बघतो. एका रात्री सगळे झोपल्यावर झाकण उघडलं. काळपट तपकिरी, मोकळी, भुसभुशीत माती. मध्येच एखादी लाकडाची ढलपी. वास पहिल्या पावसानंतरचा, दुसरा कसलाच नाही. दोन बोटं आत घातली. थंडगार होती. का कोण जाणे, मला ती कोमट असेल असं वाटलं होतं.

मग झाकण लावलं, आत आलो आणि साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा साबण घेतला तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. काकांच्या उकिरड्यात आणि माझ्या साबणात फरक किती?

त्यामुळे काकांवरचा राग मघाएवढा राहिलेला नाही. थोडा आहे. त्या चित्रावर आहे. किळस येते हे मला समजतं, मला आली. पण किळस आली की माणूस गप्प बसतो, हात धुतो, परत धुतो. तिचा विनोद करून सकाळी सकाळी लोकांना पाठवत नाही. त्या ग्रुपवर कुणाच्या तरी शेजारची, कुणाच्या तरी ऑफिसातली अशी एखादी बाई असेलच ना? किंवा उद्या आपल्याचपैकी कुणी म्हणेल, मला हे हवंय. त्याने तो हात आणि ती कुंडी आधीच बघितलेली असेल. तो तोंड उघडेल का?

हे सगळं आजच का, तर दुपारी लेकीचा मेसेज आला. तिला वाटलं माती केव्हाच वापरून झाली असेल. आईच्या सहा बादल्यांचा संच आहे, आकडे आईच्या हातचे आहेत, तर तीन नंबरची रिकामी झाली असेल तर परत मिळेल का?

मी लिहिलं, शनिवारी आणून देतो.

बायकोला सांगितलं. ती भांडी लावत होती. म्हणाली, "भाजीच्या वाफ्यात नाही हं घालायची." मी म्हटलं, नाही. कोलोरॅडोत तर कायद्यानेच खाण्याचं काही पिकवायला मनाई आहे त्यात. थोड्या वेळाने म्हणाली, "कुंपणाजवळच्या रोडोडेंड्रॉनला घाल. दोन वर्षं झाली, धड फुलत नाही."

तर प्रश्न असा आहे. रोडोडेंड्रॉनची मुळं वरवर असतात म्हणे. बादलीभर एकदम घालू की पातळ थर देऊन वरून पानं पसरू? ज्यांना बागेतलं खरोखर कळतं त्यांनीच सांगा. शनिवारी पाऊस आहे, त्याच्या आधी उरकायचंय.