‘चाचणी नको, नफा हवा’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. खेळणी बनवणाऱ्या लहान कारखान्यांवरची स्वतःच्या प्रयोगशाळेची अट सैल करा, असं मी लिहिलं होतं. त्यावर आपली प्रतिक्रिया : “तुम्हा कारखानदारांना चाचणी नको, फक्त नफा हवा. उद्या पोराने खेळणं तोंडात घातलं तर जबाबदार कोण? २०१९च्या पाहणीत ६७ टक्के खेळणी नापास झाली. सूक्ष्म उद्योगांना आयएसआय शिक्क्याच्या मार्किंग फीमध्ये ८० टक्के सूट आहेच, आणखी काय हवं?”

फीची सूट आहे, मान्य. लेखात तिचा उल्लेख आला असता तर बरं झालं असतं.

पण “तुम्हा कारखानदारांना” हा कुठला सूर? माझ्या वडिलांनी भोसरीत एका हँड मोल्डिंग मशीनवर खुळखुळे काढायला सुरुवात केली. तेव्हा खेळण्यांना आयएसआयची सक्ती नव्हती, तरी रंगावरून ते पुरवठादाराशी कडाकडा भांडत. माझी मुलगी त्याच खुळखुळ्यांवर वाढली. नफ्याचे धडे टोपणनावाने लिहिणाऱ्यांकडून घ्यायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.

आता लेख पुन्हा वाचा, किंवा पहिल्यांदाच वाचा. खेळण्यांच्या सुरक्षिततेचं आयएस ९८७३ मानक सैल करा, असं त्यात एकही वाक्य नाही. सुटा भाग निघतो का, कड बोचते का, हे आम्ही मशीनशेजारीच बघतो. त्याला लागणारं, सुटा तुकडा मावतो का हे बघायचं छोटं सिलिंडर आणि मोजमापाचं गेज काही डोईजड नाहीत. पण प्रत्येक शेडमध्ये वेगळी प्रयोगशाळा आणि वेगळा पगारी केमिस्ट कशासाठी? रंगातलं शिसं औद्योगिक वसाहतीच्या सामायिक प्रयोगशाळेत मोजलं तर कमी भरतं की काय? मानक ब्युरो बाजारातून नमुने उचलतेच. आणखी उचला, नापास झाला तर परवाना रद्द करा. हे सगळं लेखात आहे हो! १ जानेवारी २०२१ला सक्ती आली, आणि सूक्ष्म उद्योगांना या अटीतून काही काळ सवलत खुद्द सरकारने दिली. सरकारलाही नफाच हवा होता, असं म्हणायचंय का तुम्हाला? मी तीच सवलत लघुउद्योगांसाठी मागतोय, तीही कायमची.

जबाबदार कोण विचारता. माझ्या खोक्यावर परवाना क्रमांक असतो, पत्ता असतो. तुमच्या प्रतिक्रियेखाली नावसुद्धा नाही.

राहिले ते ६७ टक्के. ती पाहणी आयात खेळण्यांची होती, भोसरीची नव्हे. बाकीचं नंतर कधीतरी; आज माल भरायचा आहे.