कामठीच्या कबरस्तानावर घेतलेल्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

वरुडहून निघून नागपूरजवळच्या कामठीपर्यंत केलेल्या एका दिवसाच्या प्रवासावर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की म्हाताऱ्या आत्याकडे मी तासाभरात जेवण उरकलं आणि ज्यांनी आपल्याला लुटलं त्या गोऱ्यांच्या कबरींपाशी मात्र अख्खी दुपार घालवली. नागपुरात सीताबर्डीला भोसल्यांकडून इंग्रजांशी लढून मेलेल्यांना कोणी विचारत नाही अन् आम्ही इंग्रजांच्या थडग्यांना पाणी घालतो. शिवाय कबरस्तानातून आंघोळ न करता थेट मित्राच्या घरात शिरलो, हेही तुम्हाला खटकलं.

आधी आत्याचं. तिच्याकडे तासभर नाही, सकाळपासून होतो. लेखात चार ओळी आल्या, कारण ती जे बोलली त्यातलं बरंचसं धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणाचं आणि वाटणीचं होतं. ते इथे मांडलं असतं तर पुढच्या वेळी मला त्या घरी रोडगे मिळाले नसते. आंबिया बहाराची संत्री निघाली होती, भाव पडलेला होता, त्यावरही ती बोलली. पण कामठीचं कबरस्तान माझ्या डोक्यात मुळात नव्हतंच, ते तिच्याचमुळे आलं. जेवण झाल्यावर तिनं पेटीतून सासऱ्यांचं पलटणीचं पुस्तक काढलं. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, शाई तपकिरी झालेली, पण कामठीचं नाव वाचता येत होतं. "तिकडून चालला तं मामाजीची छावनी पाहून ये," एवढंच म्हणाली.

1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा पहिली पलटण बेळगावात आणि दुसरी कामठीला उभारली गेली. आत्याचे सासरे त्या दुसऱ्या पलटणीतले. त्याच्या पन्नासेक वर्षं आधी इंग्रजांनी 'लढवय्या जाती'चं, म्हणजे ठराविक जातीच लढू शकतात असं, खूळ काढून महारांची भरती बंद केली होती. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण काढली आणि युद्ध सरल्यावर तीही मोडली. गरज असली की बोलवायचं, नसली की दार लावायचं. तुम्हाला वाटतं इंग्रजांबद्दलचा हिशेब मला ठाऊक नाही. माझ्या घरात तो चांगलाच ठाऊक आहे, पण घरची पहिली पेन्शनही त्याच छावणीतून आली.

आता 'आपले' आणि 'त्यांचे' यावर. सीताबर्डीची लढाई झाली 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला. टेकडीवर इंग्रजांकडून प्रामुख्याने लढल्या त्या मद्रासच्या 20 आणि 24 नंबरच्या पलटणी, म्हणजे तमिळ आणि तेलुगू शिपाई. भोसल्यांच्या बाजूने सर्वांत चिवट झुंजले ते अरब. यात आपलं कोण आणि परकं कोण, तुम्हीच सांगा. आणि त्याच्या आदल्या वर्षी, 1816 च्या तहात, कंपनीची फौज नागपूर राज्यात ठेवायची आणि तिच्यासाठी वर्षाला साडेसात लाख रुपये भोसल्यांनी भरायचे, असं ठरलं होतं. ती तिजोरी भरत कोण होतं? काटोल-सावनेरकडचा कुणबी, माळी, तेली. पुढे 1821 मध्ये कन्हानच्या काठावर कामठीची छावणी वसली. आमच्या पैशाने पोसलेल्या फौजेचं कबरस्तान मी बघायला गेलो, तर त्यात लाज कसली? कामठीच्या बाजारात आजही मद्रासकडची आडनावं भेटतात, तीही या फौजेच्या मागे आली.

तिथं गेल्यावर काय दिसलं ते लेखात नीट आलं नव्हतं, ते इथं लिहितो. घाणेरीची झुडपं कमरेपर्यंत, लिंबोळ्यांचा सडा. बऱ्याच दगडांवरची अक्षरं नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाहीत. बाटलीतलं पाणी हळूहळू ओतलं की ओल्या दगडावर अक्षरं काळी उमटतात आणि पाच मिनिटांत पुन्हा नाहीशी होतात. तुम्ही फोटोत पाहिलेलं 'पाणी घालणं' ते हे. पूजा नव्हे. असा एक दगड वाचला तर तो अकरा महिन्यांच्या पोराचा निघाला, खाली आईबापांची नावं, बापाचा हुद्दा. शेजारी वीस-बावीस वर्षांची बाई. वाचता आले तेवढ्या दगडांत लढाईत पडलेला एकही सापडला नाही मला. लष्कराचं कबरस्तान म्हटलं की आपण तोफा-तलवारी डोळ्यांसमोर आणतो, पण ही माणसं पटकीनं आणि तापानं गेलेली. हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल 1863 मध्ये आला. त्यात गोऱ्या शिपायांचं मरणाचं प्रमाण वर्षाला हजारी 69 दिलं आहे, आणि त्यात गोळीनं मेलेले थोडकेच. राज्य करायला आलेली माणसं विहिरीच्या पाण्यानं मेली. याचा मला आनंद झाला नाही आणि मी हळहळलोही नाही. मात्र तो दगड वाचून झाल्यावर लगेच उठावंसं वाटलं नाही, हे खरं.

आपल्या मेलेल्यांना कोणी विचारत नाही, हा तुमचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर आहे, आणि तिथं बसून मीही तोच विचार करत होतो. सात रुपये पगारावर त्याच पटकीत मेलेला मद्रासी शिपाई, छावणीतला भिस्ती, घोड्यांचे मोतद्दार, यांचा दगड कुठे आहे? जाळलं असेल तर राख कन्हानमध्ये गेली, पुरलं असेल तर वर माती. दगडाला पैसा लागतो आणि लिहिता येणारा लागतो, आपल्याकडे दोन्ही नव्हतं. पण म्हणून ज्यांचे दगड आहेत ते वाचायचे नाहीत, हे मला पटत नाही. ज्यांचे नाहीत त्यांची आठवण मला तेच दगड वाचताना झाली. सीताबर्डीच्या किल्ल्यातही थडगी आहेत. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला किल्ला लोकांसाठी उघडतात, तेव्हा एकदा पाहून या आणि मग भांडू.

राहिली आंघोळ. मित्राचं गाव पारशिवनी तालुक्यात, कन्हान ओलांडून पुढे. त्याच्या आईला फोनवरच कळलं होतं मी कुठून येतोय. तिनं मला अंगणातच थांबवलं, घंगाळातलं पाणी पायांवर ओतायला लावलं, तोंडात लिंबाचा पाला दिला आणि मग आत घेतलं. वर म्हणाली, "साहेबाच्या मढ्याले भेटून आला, आता आमच्यासंगं च्या घे बापा." मी साबणानं हातही धुतले होते, हवं तर तिला विचारा.

तुम्ही अकोल्याकडचे, म्हणून शेवटी एक विचारतो. तेल्हारा तालुक्यातल्या आडगावला 29 नोव्हेंबर 1803 ला इंग्रज सेनापती वेलस्लीनं भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि पंधरवड्यात गाविलगड किल्ला घेतला. आडगावच्या त्या लढाईत शिरसोलीजवळ तोफा सुरू झाल्या तेव्हा आधी पळाले ते वेलस्लीचेच शिपाई, त्यांना वळवून परत उभं करावं लागलं. मला ते शिवार चालून बघायचं आहे. पण कोणत्या बाजूनं शिरायचं, धुरे कुणाचे, हे गावच्या माणसाशिवाय कळत नाही. तूर सोंगून झाली की येईन म्हणतो. तुम्ही असाल का तिकडे?